गाब्रिएलच्या हातातलं फूल : एका चर्चच्या खिडकीच्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज पहिल्यांदा परांचीवर चढले. चर्च बडोद्यातलं, कॅम्पच्या बाजूचं, जुनं, विटांचं. नाव लिहीत नाहीये कारण काचा खाली उतरलेल्या असताना ते सगळ्यांना कळायला नको असं फादर म्हणाले आणि ते बरोबरच आहे. रंगीत काचांची खिडकी दक्षिणेच्या भिंतीत आहे, दोन उंच निमुळत्या कमानी शेजारी शेजारी, चर्चच्या भाषेत लॅन्सेट. डावीकडे गाब्रिएल देवदूत, उजवीकडे मरिया, तुला मुलगा होणार हा निरोप घेऊन तो आलाय तो प्रसंग. प्रत्येक कमान साधारण आठ फूट उंच, पावणेदोन फूट रुंद, आणि एकावर एक चार पॅनल, म्हणजे एकूण आठ.

खालून बघताना वाटलं होतं धूळ आहे, धुऊन होईल. वर गेल्यावर पोटात गोळाच आला. गाब्रिएलचं दोन नंबरचं पॅनल आतल्या बाजूला जवळजवळ दीड इंच फुगलंय, हाताने हलकं दाबलं तर सगळी काच एकदम हलते, दात हलावा तशी. काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांना सांध्याजवळ बारीक चिरा आहेत. कमिटीतल्या काहींचं म्हणणं होतं की काढून टाका आणि प्रिंट केलेली नवी काच बसवा, स्वस्तात होईल. फादरांनी सरळ "नाही" म्हणून सांगितलं, म्हणाले या खिडकीखाली तीन पिढ्यांची लग्नं लागलीयत.

काम माझ्याकडे, डाखकाम काकांकडे (वडिलांचे मित्र, मांडवीत आयुष्यभर पत्र्याचं काम केलेले), आणि फोटो, मापं, नंबर टाकणं हे सगळं भाच्याकडे. ईस्टर २० एप्रिलला आहे, त्याआधी खिडकी जागेवर हवी.

८ फेब्रुवारी

बाहेरची अ‍ॅक्रिलिक शीट काढली. काही वर्षांपूर्वी एका कॉन्ट्रॅक्टरने लावलेली, काचांना दगड लागू नये, उत्तरायणात पतंगाच्या मागे चढणाऱ्या मुलांचा पाय लागू नये म्हणून. हेतू चांगलाच होता पण चारी बाजूंनी सिलिकॉन भरून डबीसारखी बंद केली, वर नाही खाली नाही कुठेच हवा जायला जागा नाही. आता विचार करा, दक्षिणेची भिंत, बडोद्याचं ऊन, आणि मध्ये दोन इंचाची बंद पोकळी. तापलं की शिसं काचेच्या जवळजवळ तिप्पट पसरतं, आणि थंड झाल्यावर पूर्ण मूळ जागी परत येत नाही, रोज थोडं थोडं सरकत जातं. मग जागा मिळेल तिकडे फुगतं. वर त्या पोकळीत दमट हवा अडकली की थंडीत पहाटे काचेवर पाणी धरतं ते वेगळंच. शीटच्या आतल्या बाजूला हिरवट शेवाळाचा थर होता, तो मी बोटाने खरवडून भाच्याला दाखवला.

संरक्षणाची काच लावूच नये असं नाही, युरोपातल्या मोठ्या मोठ्या कॅथेड्रलला पण लावतात, पण तिथे वर-खाली फट सोडून हवा खेळती ठेवतात. अख्खा फरक त्या फटीचा आहे.

१२ फेब्रुवारी

आठही पॅनल उतरले. सकाळी सात ते दुपारी दोन. आधी आतून बाहेरून पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, मग जुनी लांबी (पुट्टी) छिन्नीने कण कण काढली, मग आडव्या लोखंडी सळ्यांना बांधलेल्या तांब्याच्या तारा कापल्या. गाब्रिएलचं दोन नंबर सुटेना. कारण कळलं तेव्हा फार वाईट वाटलं, कुणीतरी कडेने सरळ सिमेंट भरलंय. सिमेंट लांबीपेक्षा फार कडक, सोडताना काचच जाते. साडेतीन तास लागले एका पॅनलला. कोपऱ्यातला एक निळा तुकडा गेलाच, दोन भाग झाले, दोन्ही डबीत नंबर टाकून ठेवलेत.

आणि सळ्या! टोकं भिंतीत गेलेली तिथे गंजून फुगलीयत, आणि गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातं त्यामुळे कडेचा दगड आतून फुटलाय. पाणी कुठून येतं ते वर चढून बघितलं तर पन्हळीत पिंपळाचं रोप, हातभर मूळ, पन्हळ तुंबलेली, सगळं पाणी भिंतीच्या पोटातून खाली खिडकीच्या कमानीवर. म्हणजे काचेचा आजार काचेत नाहीच. फादरांना सांगितलं, आधी पन्हळ, मग काच, नाहीतर माझं काम पाच वर्षं टिकणार नाही. लगेच माणूस बोलावला त्यांनी.

१६ फेब्रुवारी, रविवार

भाच्याला लक्ष्मी विलास पॅलेस दाखवायला नेलं. लहानपणापासून शहरात राहतोय पण दरबार हॉल कधी नीट बघितला नव्हता त्याने. बेल्जियमची रंगीत काच, खाली व्हेनिसच्या कारागिरांनी केलेली मोझेकची जमीन. मेजर चार्ल्स मँटने आराखडा केला, तो १८८१ मध्ये वारला, पुढचं रॉबर्ट चिझमने पूर्ण केलं, १८९० मध्ये. त्याच वर्षी सयाजीरावांनी कलाभवन काढलं, टी. के. गज्जर त्याचे पहिले प्राचार्य, पुढे दादासाहेब फाळके तिथे शिकून गेले. राजवाड्याला परदेशी कारागीर आणले आणि तो पूर्ण झाला त्याच वर्षी आपल्या पोरांना हातकाम शिकवायची शाळा पण काढली, ही गोष्ट मला राजवाड्यापेक्षा मोठी वाटते. काकांचे आजोबा कलाभवनात शिकलेले. काकांचा डाख देण्याचा हात बघितला की ते कळतं.

१७ ते २० फेब्रुवारी

रबिंग. पॅनलवर पातळ कागद ठेवून वरून मेणाची काळी वडी घासायची, शिशाच्या सगळ्या रेषा कागदावर उमटतात. प्रत्येक पॅनलच्या दोन प्रती, एक रेकॉर्डला, एक टेबलवर खाली ठेवून त्यावर परत जुळवायला. पूर्वी कागद नसायचा तेव्हा लाकडी फळीला खडू आणि पाणी फासून त्यावरच चित्र काढायचे आणि त्यावरच काच कापायचे, थिओफिलस नावाच्या साधूने बाराव्या शतकात हे सगळं लिहून ठेवलंय, आणि स्पेनमधल्या जिरोनाला चौदाव्या शतकातल्या अशा फळ्या खरोखर सापडल्या. आम्ही पण एका प्लायवर खडूचा हात मारून बघितला. रेष इतकी छान उमटते की कागद बाजूला ठेवावासा वाटला.

नियम केलाय : वर्कशॉपमध्ये चहा नाही, खाणं नाही, झाडू नाही (ओल्या फडक्यानेच पुसायचं), घरी जाताना कपडे बदलून. शिशाची धूळ पोटात जाते ती दिसत नाही. काका पहिल्या दिवशी चिडले, "अगं चाळीस वर्षं मी शिसं वितळवतोय, बशी शेजारीच असायची." मी म्हटलं काका, माझ्यासाठी करा. तेव्हापासून बशी घेऊन बाहेर ओट्यावर बसतात.

२१ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

गाब्रिएलचं दोन नंबर, तेच फुगलेलं. ४७ तुकडे. त्यात हाताच्या शेजारी एक पांढरट, जवळजवळ चौकोनी तुकडा, तळहाताएवढा. त्यावर काहीच नाही, फक्त पाच-सहा पिवळे ठिपके, हवेत तरंगल्यासारखे. आम्ही सगळे समजत होतो की हा नंतर कुणीतरी टाकलेला साधा तुकडा. पण मग पिवळे ठिपके कशाला? गाब्रिएलचा हात असा वळलेला की बोटांत काहीतरी धरलंय, आणि बोटांत काहीच नाही.

इथे थोडं सांगावं लागेल. या काचांवर दोन प्रकारचं रंगकाम असतं. चेहरा, बोटं, कपड्यांच्या चुण्या या काळसर तपकिरी रंगाने काढतात, लोखंडाचा ऑक्साइड आणि बारीक कुटलेली काच, आणि भट्टीत ६०० अंशांच्या थोडं वर भाजतात. तो रंग काचेच्या पृष्ठभागावर बसतो, म्हणून नेहमी आतल्या बाजूला ठेवतात, पावसापासून लांब. पिवळा मात्र चांदीच्या क्षारापासून, तो काचेवर बसत नाही, काचेत मुरतो, आणि बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूने देतात. त्याला पाऊस काही करू शकत नाही.

मी तो तुकडा सोडवून खिडकीपाशी नेला, तिरपा धरला, आणि हलकेच त्यावर श्वास सोडला. वाफ धरली आणि त्या वाफेत फूल दिसलं. लिलीचं, सहा पाकळ्या, देठ, एक पान, अगदी पुसट, दोन सेकंद, मग गेलं. जिथे रंग होता तिथली काच कमी झिजलीय म्हणून वाफ वेगळी धरते. पिवळे ठिपके बरोबर पाकळ्यांच्या मध्ये. परागकण!

म्हणजे पूर्वी कधीतरी दुरुस्ती करणाऱ्याने तुकडा उलटा बसवला, चौकोनी म्हणून बसला पण, आणि फुलाची बाजू बाहेर गेली, आणि किती पावसाळे झाले असतील कुणास ठाऊक, फूल धुऊन गेलं, पराग तेवढे राहिले. काकांना बोलावलं, भाच्याला बोलावलं, प्रत्येकाने आळीपाळीने श्वास सोडून बघितलं. भाचा म्हणाला, "मावशी, उलटं केलं तर देठ बोटांत येतो." आला. बरोबर अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. सूरसागरकडचे रस्ते शिवजींच्या सवारीसाठी बंद, काम बंद. संध्याकाळी आईबरोबर दर्शन.

१ मार्च, मुंबई

एका दिवसात जाऊन आले. कुलाब्याचं अफगाण चर्च मुद्दाम बघायचं होतं. हेन्री कोनीबेअरचा आराखडा, १८५८ मध्ये पवित्र केलं, शिखर १८६५ मध्ये पूर्ण, साधारण ६० मीटर. सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्या सैनिकांची आठवण म्हणून बांधलेलं. आतली बरीच रचना विल्यम बटरफील्डची आणि पूर्वेच्या नि पश्चिमेच्या मोठ्या खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सच्या कारखान्यातल्या.

मी तिथे दीड तास फक्त एकाच गोष्टीकडे बघत बसले, शिशाच्या रेषा कुठून जातात. आपण समजतो शिसं म्हणजे तुकडे जोडायचा डिंक, पण ते चित्राची रेष आहे. खांद्याच्या कडेने, बाहीच्या कडेने, पंखाच्या पिसांमधून जातं, म्हणून लांबून दिसतच नाही, आणि जिथे नंतरच्या दुरुस्तीतली पट्टी चेहऱ्यावरून किंवा अंगावरून आडवी जाते तिथे लगेच डोळ्यात खुपतं. आपल्या मरियेच्या निळ्या झग्यावरून अशा दोन पट्ट्या गेल्यात. ठरवलं, त्या काढायच्या.

परतीच्या गाडीत झोप नाही आली. फुलाचं काय करायचं हाच विचार.

६ मार्च

फुलाचा निर्णय. मूळ तुकड्यावर पुन्हा रंगवायचं नाही. सोपं होतं ते, भट्टीत घातला की झालं, पण शंभर वर्षांहून जुनी काच परत भट्टीत घालायची म्हणजे तडकली तर संपलं, आणि तो पुसट ठसा कायमचा जाणार. म्हणून एक मिलिमीटर जाडीची वेगळी साधी काच त्याच आकारात कापायची, फूल तिच्यावर काढायचं, भाजायची, आणि मूळ तुकड्याच्या मागे एकाच पट्टीत बसवायची. उद्या कुणाला पटलं नाही तर काढून टाकता येईल, मूळ जसंच्या तसं.

फुलाच्या रेषा कुठून आणायच्या? श्वासाच्या. भाच्याने कॅमेरा लावला, मी श्वास सोडायचा, तो क्लिक, सत्तर-ऐंशी फोटो काढले तेव्हा सगळी पाकळ्यांची कड मिळाली. जी रेष फोटोत दिसली नाही ती काढायची नाही, हे पण ठरलं.

कालपासून लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ, सुरू झालाय, फादरांच्या कपाळावर राखेची खूण अजून पुसट दिसत होती.

११ मार्च

पहिली भाजणी. रंग फोडासारखा उठला, पातळ करताना डिंक जास्त झाला होता. दुसरी उद्या.

१३ मार्च

दुसरी पण नाही. रेष बरोबर पण भट्टी लवकर उघडली, काच तडकली. थंड व्हायला रात्रभर द्यायलाच हवी.

१९ मार्च

तिसरी जमली. देठाची रेष एका जागी थोडी जाड झालीय, ती तशीच ठेवतेय, मूळ चित्रकाराचा हात पण दुसऱ्या पॅनलमध्ये असाच एका जागी जड झालेला आहे.

मरियेचा झगा : दोन्ही आडव्या पट्ट्या काढल्या, निळे तुकडे कडेला कड लावून अ‍ॅरल्डाइट २०२० या गोंदाने जोडले. हे पाण्यासारखं पातळ असतं, फटीत आपोआप ओढलं जातं. उन्हाने पुढे पिवळं पडू शकतं म्हणून नोंद करून ठेवलीय, दर दोन-तीन वर्षांनी बघायचं. त्या निळ्याबद्दल काय लिहू, कोबाल्टचा निळा आहे, पण एकसारखा नाही, तुकड्याच्या एका टोकाला जाड एका टोकाला पातळ, त्यामुळे झग्यात चुण्या न काढताच चुण्या दिसतात. लोकांना वाटतं जुनी काच वितळून खाली सरकते म्हणून खाली जाड असते, तसं अजिबात नाही, तोंडाने फुगवलेली काच बनतानाच कमी-जास्त असते, बसवणाऱ्याच्या मनाला येईल तशी बसते.

आणि गाब्रिएलचा लाल अंगरखा! तुकडा आडवा धरून कडेने बघितला तर काच पांढरी आणि वर कागदाएवढी लाल साय. आरपार लाल केली तर काळीच दिसली असती म्हणून पांढऱ्या काचेवर लालचा नुसता थर देतात. भाच्याच्या हातात दिला, तो पाच मिनिटं कडेनेच बघत बसला.

२५ मार्च, मंगळवार

आज देवदूताच्या निरोपाचाच सण, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी. आजच गाब्रिएलचं दोन नंबर पूर्ण झालं, तसं ठरवून केलं नव्हतं. ४७ तुकडे आणि एक फूल. काकांनी शेवटचा सांधा दिला. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि साठ-चाळीसची डाख (साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं) १९० च्या आत, मधल्या जागेतच सगळं काम, कावीया (डाख द्यायचं तापवलेलं हत्यार) एक क्षण जास्त टेकला तर पट्टीलाच भोक पडतं. काकांचा हात सांध्यावर येतो, थांबतो, उचलतो. एकही भोक नाही. काका ७१ वर्षांचे आहेत.

फादर बघायला आले होते. फूल बघून काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मग इतकी वर्षं तो रिकाम्या हातानेच उभा होता."

३० मार्च

पाडवा. सकाळी गुढी, श्रीखंड, दुपारी वर्कशॉप. मरियेचं शेवटचं पॅनल टेबलवर घेतलं.

५ एप्रिल

लांबी भरणं. खडूची पावडर, जवसाचं तेल, थोडी काजळी, कालवून दाट करायची आणि ब्रशने शिशाच्या पट्टीखाली दाबून बसवायची, वर कोरडी पावडर टाकून पुसायची. याने पाणी अडतं आणि पॅनल कडक होतं, कालपर्यंत जे चादरीसारखं लवत होतं ते आज फळीसारखं उचललं. हात काळे, नखं काळी, फार समाधानाचं काम आहे हे.

१० ते १२ एप्रिल

बसवलं. पन्हळ साफ, पिंपळ मुळासकट गेला, फुटलेला दगड चुन्यात जोडला. जुन्या सळ्या फेकल्या नाहीत, गंजलेली टोकं कापून तिथे स्टेनलेसची टोकं लावली, म्हणजे भिंतीच्या आत आता गंजणारं काही नाही. कडेला चुन्याचाच गिलावा, सिमेंट कुठेही नाही. बाहेर नवी संरक्षक काच, वर आणि खाली बोटभर फट, फटीला बारीक जाळी. खाली पाणी निघून जायला दोन भोकं. १२ तारखेला संध्याकाळी परांची सुटली, दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार.

१९ एप्रिल, रात्र

ईस्टरची आदली रात्र. सगळे दिवे बंद करून अंधारात एका मेणबत्तीपासून सगळ्यांच्या मेणबत्त्या लावतात. आई आणि मी बाहेर अंगणात उभ्या होतो, आत जागाच नव्हती. दिवसा ही खिडकी आतून बघायची, बाहेरून ती काळी दिसते. रात्री उलटं. आधी काहीच नव्हतं, मग अगदी मंद केशरी, मग आत दिवे लागले आणि सगळी खिडकी एकदम उजळली, लाल, निळा, पांढरी लिली. बाहेरून बघताना चित्र उलटं दिसतं, गाब्रिएल उजवीकडे. एका मुलीने आजीला विचारलं, त्याच्या हातात ते काय आहे? आजी म्हणाली, फूल आहे की, नेहमीच असतं.

२१ एप्रिल

आज पक्का फोटो-रेकॉर्ड करायचा होता पण पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली, फादर प्रार्थनेच्या तयारीत होते. फोटो पुढच्या आठवड्यात.

२९ जून

पावसाचे दोन-तीन चांगले झपाटे होऊन गेले. खिडकीच्या खालच्या ओट्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवल्या होत्या, आज जाऊन बघितल्या. गाब्रिएलखालच्या चारही कोरड्या. मरियेच्या खाली उजव्या कोपऱ्यातली ओली, तिथे चुन्याला केसाएवढी चीर आहे. उघडीप मिळाली की काका आणि मी जाऊन ती भरणार, शिडी फादरांकडे आहेच.